‘ऑपरेशन घुबड’: त्रुटी व पूर्तता

आयुष्यात मी एकच चित्रपट परीक्षण लिहिलं आणि ते छापूनही आलं. शंभर टक्के यश मिळाल्यावर मी तो प्रांत सोडून दिला. का सोडला, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही. पण उद्या विचारलंच तर उत्तर तयार असावं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

सुरुवात चहाने झाली. शिवानंद माझा शाळेपासूनचा मित्र. तो सोलापुरात ‘भुईकोट’ नावाचं चार पानी सायंदैनिक काढतो. संपादक तोच, बातमीदार तोच आणि अंक कमी पडले तर वाटणाराही तोच. एका बुधवारी ऑफिस सुटताना तो मला गेटवरच भेटला आणि आपण होऊन चहाला घेऊन गेला. (पंचेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. मला तिथेच संशय यायला हवा होता.)

“एक्या, तुला एक पिक्चर बघायचाय,” तो म्हणाला.

“मला नाही बघायचा.”

“बघायचाय बे. आमचा परीक्षक आजारी हाय. तसाबी तो थिएटरात झोपतोच. मागच्या खेपेला त्यानं मध्यंतरापर्यंतचंच परीक्षण लिवलं, आणि नट दुसऱ्याच पिक्चरचे घातले.”

“अरे, पण मला परीक्षणातलं काय कळतं?”

“तुला चुका काढता येतात की. अजून काय लागतंय?”

यावर मला वाद घालता येईना. मी एका कॉलेजच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. तीस वर्षं शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करतोय. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा शिक्का जरासा सरकलेला असला तरी मला टेबलाच्या या बाजूने दिसतो. मग मी डाव्या हाताने (मी डावखुरा आहे) लाल पेन उचलतो आणि अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा मारून तो परत करतो. पोरं माझ्यामागे मला त्रुटीनाथ म्हणतात. नाव एकनाथ मोहोळकर असताना हे म्हणणं बरोबर नाही, पण त्यात कौतुकही आहे असं मी धरून चालतो. आणि थिएटरात झोपणाऱ्यातला मी नाही. मी झोपतो तो दुपारी, घरी, अंथरुणावर. (तेव्हा मी घोरतो असं माझ्या बायकोचं, लीलाचं, म्हणणं आहे. त्याचा पुरावा तिने आजवर सादर केलेला नाही.)

“पिक्चर कुठला?” मी विचारलं.

“‘ऑपरेशन घुबड’. गुप्तहेराचा हाय. चंद्रराजचा.”

मी लगेच हो म्हणालो.

चंद्रराज हा आमच्या घरातला जुना विषय आहे. लीलाचं माहेर करकंब. तिथे जत्रेत तंबूत पडदा लावून सिनेमे दाखवायचे, आणि त्या पडद्यावर तिने चंद्रराजला घोड्यावरून, ट्रकवरून आणि एकदा तर विहिरीच्या काठावरून उडी मारताना पाहिलं होतं. लग्नानंतर तिची ट्रंक उघडली तेव्हा तळाला, पसरलेल्या वर्तमानपत्राखाली, त्याचा फोटो निघाला. सव्वीस वर्षं मी तो फोटो मोठ्या मनाने सहन केला आहे. (दर दिवाळीला साफसफाईत तो चुकून रद्दीत जाईल अशी व्यवस्था करतो, आणि दर दिवाळीला तो परत ट्रंकेत सापडतो.)

तो चंद्रराज आता एकाहत्तर वर्षांचा होता आणि गुप्तहेराचं काम करत होता. मला खरोखर कुतूहल वाटलं. मी सत्तावन्नाचा आहे आणि ऑफिसच्या तीन पायऱ्या उतरताना कठडा धरतो. मग हा माणूस गच्चीवरून उड्या कशा मारत असेल? मारत असेल की मारल्यासारखं करत असेल? हे एकदा छाननी करून बघायलाच हवं होतं.

घरी येऊन मी लीलाला सांगितलं. ती गवार निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

“तुम्ही? चंद्रराजच्या पिक्चरचं परीक्षण?”

“का? येत नाही मला?”

“येतं की,” ती म्हणाली, आणि का कोण जाणे, हसायला लागली. “नीट बघा मात्र. सगळं बघा. माणसं बघा, घरंदारं बघा. शेवटी नावं येतात तीपण वाचा.”

“शेवटची नावं कोण वाचतं? तू चल की बरोबर.”

“नको. तुम्ही आधी बघून या.”

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. लीलाने माझा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, खिशाला पेन लावलं होतं. गल्लीतून निघालो तर समोरच्या अक्कम्मा दारात उभ्या होत्या. अक्कम्मा अक्कलकोटकडच्या, मराठीवर कन्नडचा हात फिरवून बोलतात. “नीट बगून या, एकनाथराव,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही म्हणाला, “साहेब, नीट बघा.” माझ्या परीक्षणाची गल्लीला इतकी उत्सुकता असेल अशी कल्पना नव्हती. मला भरून आलं.

दुपारच्या खेळाला चौदा माणसं होती. त्यातले दोघे तिकिटं तपासणारे. मी मध्ये बसलो, मांडीवर वही ठेवली आणि छाननी सुरू केली.

पहिल्या दहा मिनिटांत सहा त्रुटी. शत्रुराष्ट्राची राजधानी म्हणून दाखवलेलं सरोवर म्हणजे आपला सिद्धेश्वर तलाव, हे मी पाणी बघूनच ओळखलं. शत्रूचा रॉकेटचा तळ म्हणजे बंद पडलेल्या गिरणीची चिमणी. शत्रूच्या सेनापतीची गाडी थांबली तर तिच्या नंबरप्लेटवर एम.एच. तेरा. परदेशातला सेनापती आणि गाडी सोलापूर आरटीओची. अंधारात मी ओळीवर ओळी लिहीत होतो. माझ्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

मुख्य छाननी अर्थात उड्यांची. एकंदर नऊ उड्या भरल्या. पद्धत अशी, की चंद्रराज कठड्यावर चढून खाली बघतो. मग आपल्याला पाठ दिसते, आणि त्या पाठीच्या डोक्यावर दाट काळे केस असतात, जे मघाशी समोरून नव्हते. पाठ उडी मारते. मग चंद्रराज खाली उभा राहून गुडघे झटकतो. आठ उड्या अशा. एक मात्र वेगळी होती. एका स्वयंपाकघराच्या ओट्यावरून तो खाली उतरतो, दोनेक फुटांवरून, तोंड वाकडं करून, आणि ती सबंध उडी समोरून दाखवली होती. त्या उडीला मी एकटाच मोठ्याने हसलो.

मध्यंतरानंतर नायक वीजमीटरचं रीडिंग घेणारा म्हणून शत्रूच्या घरात शिरतो. तिथे काळा गॉगल आणि डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई त्याला चहा देते. ती शत्रूची हेर नंबर नऊ. आतल्या खोलीत आधीच्या गुप्तहेराचं प्रेत पडलेलं असतं, तोंडावरून चादर, पाय उघडे. नायक ते पाहून दोन मिनिटं बोलतो. काय बोलतो ते कळत नाही, कारण तिथे ढोल, ताशे आणि तुताऱ्या एकदम सुरू होतात. मग देश वाचतो. शेवटची नावं सुरू झाली तसा मी उठलो, कारण स्कूटर दुसऱ्या गाड्यांमागे अडकायच्या आत काढायची होती.

घरी पोचलो तर शेंगापोळीचा वास. सण नाही, पाहुणे नाहीत आणि शेंगापोळी. लीला समोर येऊन बसली.

“मग? काय काय दिसलं?”

“काय नाही ते विचार. अठ्ठेचाळीस त्रुटी काढल्यात.”

“ते जाऊ दे. ते घर कसं वाटलं? शत्रूचं?”

“भिकार,” मी पोळीवर तूप ओढत म्हणालो.

तिने एकदा भिंतीकडे बघितलं. “आणि ती चहावाली? गॉगलवाली?”

“तिला कुणी घेतली कोण जाणे. दिग्दर्शकाची आत्या असेल.”

लीलाने माझ्यापुढचा पोळ्यांचा डबा उचलला, झाकण लावलं आणि आत ठेवून आली. मी दुसरी पोळी मागणार होतो, पण परीक्षण डोक्यात ताजं होतं, म्हणून आधी लिहायला बसलो.

शनिवारी संध्याकाळी ‘भुईकोट’च्या तिसऱ्या पानावर ते आलं. माझ्या नावासकट. त्यातला मजकूर अजून मला पाठ आहे, कारण पुढचे कित्येक दिवस तो मला कोणी ना कोणी वाचून दाखवत होतं.

‘शत्रूचे घर म्हणून जी वास्तू दाखवली आहे ती कोणत्याही राष्ट्राला शोभणारी नाही. भिंतीचा रंग शुद्धीवर असलेल्या माणसाने निवडलेला नसावा. भिंतीवरचे घड्याळ सरळसरळ पुढे आहे. हेरखात्याला वेळेचे भान नसावे काय? चहा देणारी गॉगलधारी स्त्री कप ठेवताना त्याचा कान दोनदा फिरवते. नवखेपणा लपत नाही. नायकाची एक उडी तर दोन फुटांची व हास्यास्पद आहे. त्याने आता निवृत्तिवेतनाची कागदपत्रे सादर करावीत. संपूर्ण चित्रपटात अभिनय म्हणावा असा एकच, तो मृतदेहाचा. हा अनामिक कलावंत बोटसुद्धा हलवत नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याचे काळवंडलेले नख ही तर रंगभूषेची कमाल. अशा मोलाच्या प्रसंगात संगीत इतके कर्कश का ठेवले, याचा लेखी खुलासा दिग्दर्शकाने करावा.’

मी ते दोनदा वाचून लीलाकडे दिलं आणि कौतुकाची वाट बघत खुर्चीत बसलो. ती उभ्याउभ्या वाचत होती. तेवढ्यात अक्कम्मा अंक हातात घेऊन आत आल्या.

“एकनाथराव, बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “आमच्या घराला असं लिवला असता तर मी काय केली असती? आमच्याकडं त्या दिवशी लाइट गेला म्हणून वाचलो की.”

“तुमच्या घराला मी कशाला लिहीन?”

“पयलं आमच्याकडंच यायचं होतं ना शूटिंगवाले. मग लीलाक्का म्हटली, आमच्याकडं या.”

मी लीलाकडे बघितलं. तिने अंकाची घडी घातली.

“या भिंतीचा रंग कोणी निवडला?” तिने शांतपणे विचारलं.

मी भिंत बघितली. मोरपंखी. दोन डबे स्वस्तात मिळाले म्हणून मीच आणला होता. “मी.”

“घड्याळ पुढं कोणी ठेवलंय?”

आमचं घड्याळ बारा मिनिटं पुढे असतं. मला ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून. “मी.”

“तो ओटा कोणाचा?”

“आपला?” मी विचारलं. आवाज जरा बारीक आला.

“आणि ती गॉगलवाली?”

उत्तर माझ्या समोर उभं होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी मे महिन्यात मला करमाळ्याला निवडणुकीची ड्युटी लागली होती. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मतदान यंत्रं जमा करून मी पहाटे घरी आलो, आणि अकरा वाजता शूटिंगवाले गल्लीत आले. अक्कम्मांकडे लाइट गेली. आणि आमच्या दारात पाणी मागायला साक्षात चंद्रराज उभा राहिला. लीलाने पाणी दिलं आणि पाठोपाठ घरही दिलं. हेर नंबर नऊचं काम करणारी बाई उन्हाने आजारी पडली होती, म्हणून ते कामही तिलाच दिलं. ती सारखी कॅमेऱ्याकडे बघायची म्हणून गॉगल घातला. बोलायची हळू म्हणून आवाज नंतर मुंबईच्या बाईचा लावला.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“म्हटलं, पडद्यावर एकदम दिसेन तर तुम्हाला गंमत वाटेल. वर्षभर पोटात ठेवलं. सगळ्या गल्लीला शपथ घातली.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “अहो, तुम्हाला गाडीचा नंबर दिसला. मी दिसले न्हाय, व्हय?”

लीला एरवी माझ्याशी शुद्ध बोलते. करकंबची भाषा फार दुखलं तरच येते. मी काहीतरी प्रकाशयोजनेबद्दल बोलायला लागलो, निळ्या प्रकाशात चेहरे बदलतात वगैरे. अक्कम्मा उठल्या. “मी येते,” म्हणाल्या आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेल्या की मी गप्प बसलो.

मला लाज वाटली. अगदी सरळ सांगतो, खूप लाज वाटली. तीस वर्षं ज्या नजरेचा तोरा मिरवला ती नजर घरात कधी लावलीच नव्हती.

रविवारी सकाळी चहा आला. मी पेपर वाचत नेहमीसारखा डावा हात पुढे केला आणि बोटांना कान लागेना. गरम कपालाच हात लागला. कपाचा कान पलीकडच्या बाजूला होता. मी कप फिरवून घेतला आणि बोट तोंडात घालून विचार करत बसलो. सव्वीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. म्हणजे सव्वीस वर्षं कपाचा कान डाव्या बाजूला येत होता. आपोआप येतो असं मी समजत होतो.

मी उठलो. “दुपारच्या खेळाला चल,” मी लीलाला म्हणालो.

“कशाला? मला माहीत आहे कशी दिसते ते.”

“मला माहीत नाही. मला बघायचंय.”

ती आधी नको म्हणाली. मग साडी बदलून आली.

या खेळाला नऊ माणसं होती. मी वही नेली नाही. तलाव आला, चिमणी आली, एम.एच. तेरा आली, मी एकही त्रुटी मोजली नाही. मध्यंतरानंतर आमचा मोरपंखी हॉल सबंध पडद्यावर पसरला. सोफा, फ्रिजवरचं जाळीचं कापड, बारा मिनिटं पुढचं घड्याळ. इतकं मोठं केल्यावर मला दिसायला लागलं. आणि त्यातून ती आली, हातात ट्रे घेऊन.

तिने कप खाली ठेवला. कपाचा कान आपसूक डावीकडे फिरवला. मग क्षणभर थांबली आणि उजवीकडे फिरवला, कारण समोरचा माणूस उजव्या हाताने चहा घेणारा होता.

समोर तिचा चंद्रराज बसलेला, कॅमेरा चालू, दिवे पेटलेले, वीस माणसं बघतायत, आणि तिच्या हाताला आधी मीच आठवलो होतो. त्या दोनदा फिरवण्याला मी नवखेपणा म्हटलं होतं.

“लीला,” मी हळू म्हणालो, “तू फार चांगलं काम केलंयस.”

“बघा पुढं,” ती म्हणाली. पण दोघांमधल्या खुर्चीच्या हातावर तिने मला हात ठेवू दिला.

पुढे ओट्यावरची उडी आली. “ही खरी आहे,” ती कानाशी म्हणाली. “बाकीच्या त्या पाठमोऱ्या पोराच्या. ही एकच त्यांनी स्वतः मारली. दिग्दर्शक नको म्हणत होता. आल्यापासून गुडघ्याला माझी गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. म्हणाले, एक तरी माझी असू दे. मारली आणि आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

मी ती उडी पुन्हा डोळ्यांपुढे आणली. दोन फूट. वाकडं तोंड. मी तीन पायऱ्यांना कठडा धरतो.

मग ढोलताशे आणि मृतदेह आला. “हा नट कोण गं? मुंबईचा असेल,” मी विचारलं. “काय ताकद आहे बघ.”

“अंगठ्याचं नख बघा.”

“बघितलं. रंगभूषा फार—”

“गेल्या वर्षी एप्रिलमध्ये फायलींचं कपाट कोणाच्या पायावर पडलं होतं?”

मी पडद्याकडे बघितलं. मग माझ्या चपलेकडे बघितलं. मग परत पडद्याकडे.

“मृतदेहाचा माणूस आलाच नव्हता,” लीला सांगत होती. “तुम्ही पहाटे येऊन जे पडलात ते हलायला तयार नव्हतात. दिग्दर्शकानं दारातून बघितलं, म्हणाला, वहिनी, यापेक्षा मेलेला मला कुठं मिळणार? तुमची दाढी वाढली होती म्हणून मी तोंडावर चादर ओढली. नाव पण घातलंय शेवटी.”

या वेळी आम्ही शेवटपर्यंत बसलो. ‘हेर नंबर नऊ – लीला मोहोळकर’. आणि सगळ्यात खाली, ‘मृतदेह – एकनाथ मोहोळकर’. बाहेर स्कूटर अडकली असणार. अडकू दे, म्हटलं.

घरी आल्यावर मी कागद घेतला. आमच्या खात्यात चूक झाली की माफी मागत नाहीत, शुद्धिपत्रक काढतात. मला दुसरी रीत येत नाही. सोमवारी ‘भुईकोट’मध्ये ते चौकटीत आलं.

‘शुद्धिपत्रक. शनिवारच्या परीक्षणात “नवखेपणा” या शब्दाऐवजी “सव्वीस वर्षांचा सराव” असे वाचावे. “दोन फुटांची व हास्यास्पद उडी” याऐवजी “उडी” एवढेच वाचावे. निवृत्तिवेतनाबाबतचे वाक्य वगळण्यात येत आहे. भिंतीच्या रंगाबाबतचा शेरा कायम ठेवण्यात येत आहे, मात्र त्याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकाराची आहे. सदर परीक्षणात निम्नस्वाक्षरीकारास समोरची व्यक्ती दिसली नाही, ही मूळ त्रुटी असून तिची पूर्तता यापुढे रोज करण्यात येईल.’

शिवानंद म्हणाला, “एक्या, हे परीक्षणापेक्षा लई भारी झालंय की बे.” मंगळवारी सकाळी कपाचा कान डावीकडे होता आणि डब्यातली उरलेली शेंगापोळी बशीत होती.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल की मृतदेहाबद्दलचा मजकूर मी दुरुस्त केला नव्हता. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तो अभिप्राय कलावंताचं नाव माहीत नसताना दिलेला होता, म्हणजे संपूर्ण निष्पक्षपाती. पुढचे दोन दिवस मी जरा वेगळाच चालत होतो. ऑफिसात पायात चप्पलच घालून जात होतो, नख दिसावं म्हणून (ते अजून काळंच आहे). पोरांनी अर्ज देताना विचारलं, “सर, ते तुम्हीच ना?” त्यांच्या अर्जांतल्या दोन किरकोळ त्रुटी मी माफ केल्या. शिवानंदला सुचवलं, की मृतदेहाची एक छोटी मुलाखत घ्यायला हरकत नाही. त्याने विचार करतो म्हणून सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी लीलाच्या मोबाइलवर फोन आला. ती बोलता बोलता उठून उभी राहिली आणि पदर सारखा केला. मग फोन माझ्याकडे दिला. “तुमच्याशी बोलायचंय त्यांना.”

“मोहोळकर साहेब का? मी चंद्रराज.” आवाज दमलेला पण छान होता. मीही उठून उभा राहिलो. “तुमचं शुद्धिपत्रक मला कोणीतरी पाठवलं. माझ्या उड्यांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. नुसतं ‘उडी’ असं पहिल्यांदाच लिहिलं. बरं वाटलं.”

मी काहीतरी पुटपुटलो. सव्वीस वर्षांचं मनातलं किल्मिष त्या मिनिटात गेलं. फोटो यंदाच्या दिवाळीपासून सुरक्षित आहे असं मी मनातल्या मनात जाहीर केलं.

“आणि एक,” तो म्हणाला. “तुम्ही संगीताबद्दल लेखी खुलासा मागितला होता. दिग्दर्शक लाजतो, म्हणून मीच देतो. मलाही ते ढोल आवडले नव्हते. माझ्या त्या दोन मिनिटांच्या भाषणावर मी आठवडाभर मेहनत घेतली होती. पण त्याचा नाइलाज होता. मृतदेह घोरत होता.”

मी खाली बसलो.

“डबिंग तिथपर्यंत उरकलं नव्हतं. जागेवरचा आवाज वापरायचा, तर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला साथ देत होता. नुसता ढोल घातला, तरी तुम्ही ऐकू येत होता. मग ताशे घातले. शेवटी तुताऱ्या आणल्या तेव्हा कुठे तुम्ही झाकलात. रागावू नका हां. आमच्या साउंडवाल्याने ते मूळ रेकॉर्डिंग आठवण म्हणून जपलंय. वहिनींना पाठवायला सांगतो.”

दहा मिनिटांनी ते आलं. लीलाने मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो टीपॉयवर, बरोबर माझ्यासमोर ठेवला. ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसण्याचं होतं. दोन मिनिटं चोवीस सेकंद. मधूनच चंद्रराज देशासाठी प्राण देण्याबद्दल काही म्हणत होता, पण ते नीट ऐकू येत नव्हतं.

समोरून अक्कम्मांची हाक आली, “लीलाक्का, मिक्सर बिगडला काय?”

एकंदरीत, खुलासा मी मागवला होता, तो प्राप्त झाला. सोबत सव्वीस वर्षं प्रलंबित असलेला पुरावाही जोडलेला आढळला. दोन्ही समाधानकारक असल्याने प्रकरण नस्तीबद्ध केलं.